मोरेश्वरच्या बोटीला लागलेली दृष्ट

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आपल्या घरून निघतानाच दीनानाथने ठरवलं होतं, मोरेश्वरच्या बोटीचं कौतुक म्हणून करायचं नाही. दोघं एकाच डेअरी कंपनीत इंजिनियर, राहायला एकाच रस्त्यावर, दोघांचा लॉनमोवरसुद्धा एकाच सेलमधला. आणि आता मोरेश्वरकडे बोट! कुणा रिटायर्ड गोऱ्याने हौसेने बांधलेली, इंग्लंडच्या कालव्यांतून फिरतात तशी अरुंद, लांबलचक. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना लेसचे पडदे. दीनानाथच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

वायकाटो नदीवरून बोट रमतगमत चालली होती. दीनानाथची बायको दमयंती दर वळणावर "किती छान!" म्हणत होती आणि तिच्या प्रत्येक 'छान'बरोबर नवऱ्याचा चेहरा आणखी आंबट होत होता.

"कशी वाटली बोट?" मोरेश्वरने जाता जाता विचारलं.

"ठीक आहे. जरा अरुंदच आहे," दीनानाथ म्हणाला. मनात म्हणाला, रुतू दे मेली कुठेतरी!

आणि बोट रुतली. चक्क वाळूत. मोरेश्वरने धावत जाऊन इंजिन पुढे घेतलं, मागे घेतलं, बोट ढिम्म.

"अगंबाई, दृष्ट लागली माझ्या बोटीला!" मोरेश्वरची बायको सुलभा कळवळली. तिने मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या बोटीवरून ओवाळल्या आणि डेकवरच्या पेटत्या बार्बेक्यूत टाकल्या. "आता ठसका लागला नाही ना, तर समजा, कुणाची तरी जबरदस्त नजर आहे!"

दीनानाथला घाम फुटला. बोटीवर माणसं चार. मालक आणि मालकीण स्वतःच्याच बोटीला कशाला नजर लावतील? आपलं पितळ उघडं पडलं तर दमयंती जन्मभर ऐकवेल.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. वाऱ्याने धूर परस्पर पलीकडे नेला. त्या धुरातून कयाक वल्हवत निघालेला एकजण "किया ओरा!" असा माओरी रामराम ठोकून "स्मेल्स हीप्स गुड!", म्हणजे वास एकदम झकास, असं ओरडून गेला.

"बघा, त्यालासुद्धा ठसका नाही!" सुलभाने एकेकाकडे निरखून पाहिलं.

मग दीनानाथ खोकला. आधी हळूच, मग छाती धरून, वाकून. "काय झणझणीत... ख्खॉक... धूर आहे, वहिनी!"

"भाऊजी, धूर तिकडे चाललाय."

मोरेश्वरची कळी मात्र खुलली. "म्हणजे कुणीतरी जळतंय आपल्यावर! बोट घेतल्याचं सार्थक झालं!"

दमयंतीने नवऱ्याला दंडाला धरून मागच्या टोकाला नेलं. "पुरे ते खोकणं. दृष्ट माझी लागलीय."

दीनानाथला एवढं हायसं वाटलं की बायकोवर प्रेमच दाटून आलं. "अगं, मग सांगायचं ना! आपणही घेऊ बोट. याच्याहून मोठी घेऊ!"

"बोट कुणाला हवीय?" दमयंती फणकारली. "सुलभा सकाळपासून पाय पसरून बसलीय आणि तो तिला चहा काय, भजी काय, पाठीला उशी काय, सगळं हातात आणून देतोय. मघाशीसुद्धा सुकाणू सोडून तिच्यासाठी चहा करायला गेला, म्हणून तर रुतलो! मला नाही बघवलं."

या वेळी दीनानाथला खराच ठसका लागला.