सगळ्या माना एकीकडे

मुलांनो, एका जंगलात इठाबाई नावाची साळू राहायची. तिच्या बिळात गेम खेळायचा एक दणकट कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेला एक व्हीआर चष्मा. चष्मा डोळ्यांवर चढवला, की बसल्या जागी दुसरंच जग दिसायचं. मान वळवाल तिकडचं दिसायचं.

प्राणी एकेक करून यायचे. खारीला समुद्र पाहायचा असायचा, अस्वलाला बर्फ. केरोबा कासवाची मागणी ठरलेली. त्याला उडायचं असायचं. चष्मा लावून तो सावकाश मान फिरवायचा, खालची शेतं बघायचा आणि चष्मा काढल्यावर पुन्हा रांगेत जाऊन उभा राहायचा. इठाबाईचं हे सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक.

ही गोष्ट सिंहमहाराजांच्या कानावर गेली. त्यांनी फर्मान काढलं, की येत्या दरबारात सगळ्या प्रजेनं एकाच वेळी चष्मे लावावेत. बिळासमोर चष्म्यांचा ढीग येऊन पडला. कॉम्प्युटर मात्र तोच, एकटा.

इठाबाईनं खटपट केली. दुसरा चष्मा जोडला, तर चित्र अडखळायला लागलं. तिसरा जोडला, तर कॉम्प्युटर तापला, घरघरला आणि बंद पडला. प्रत्येकाला वेगळं जग दाखवणं याच्या ताकदीबाहेरचं आहे, असं तिनं प्रधान कोल्ह्याला जाऊन सांगितलं.

"वेगळं कशाला?" कोल्हा म्हणाला. "महाराजांना दिसेल तेच सगळ्यांना दाखवा."

तेवढं जमण्यासारखं होतं. पण आपली मान जागच्या जागी आणि चित्र फिरतंय, म्हणजे डोकं गरगरणारच. इठाबाईनं तेही सांगितलं. तोवर कोल्हा निघून गेला होता.

दरबार भरला. महाराजांनी डावीकडे पाहिलं. सगळ्यांचं जग डावीकडे गेलं, माना राहिल्या समोर. अस्वलाला ओकारी आली. हरणं एकमेकांवर कलंडली.

पण प्रजा हुशार होती. महाराजांबरोबर आपलीही मान वळवली की काही होत नाही, हे हळूहळू सगळ्यांना उमगलं. महाराज डावीकडे, की सगळे डावीकडे. महाराजांनी जांभई देत वर पाहिलं, सगळ्यांनी वर पाहिलं. दरबार रंगला.

राहिला केरोबा. त्याची मान पोहोचेपर्यंत महाराजांची परत आलेली असायची. शेवटी त्यानं चष्मा काढून खाली ठेवला. कोल्ह्यानं ते महाराजांच्या कानात सांगितलं.

महाराजांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इठाबाई, यंत्रात दोष आहे का?"

इठाबाईनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग महाराजांच्या पंजाकडे पाहिलं. दोष कशात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते बोलली असती, तर कॉम्प्युटर गेला असता आणि बीळही.

"नाही महाराज," ती म्हणाली. "यांची मानच कमी पडते."

केरोबा तिच्याकडे बघत राहिला. "असेल बाई," तो म्हणाला. त्यानं मान आत ओढून घेतली आणि नदीकडे चालू लागला. दरबाराबाहेर पडायला त्याला चांगलाच वेळ लागला, पण कुणी पाहिलं नाही. महाराज तेव्हा दुसरीकडे बघत होते.

इठाबाई आता राजयंत्रज्ञ आहे. दरबार रोज भरतो, कॉम्प्युटर अजिबात तापत नाही. फक्त नदीवर पाणी प्यायला जाताना ती लांबची वाट धरते.

तात्पर्य : एका कॉम्प्युटरवर हवे तितके चष्मे चालतात. प्रजेची मान तेवढी लवचीक हवी.