राणीसाहेबांनीं आपलें वाक्य किल्लेदाराचे वाक्यास जोडिलें, त्या खलित्याची हकीकत

॥ श्रीवाग्देवतायै नमः ॥ जिचे कृपेनें कर्त्यास क्रिया मिळते आणि बोलणारास ऐकणारा मिळतो, त्या देवतेचे चरणीं मस्तक ठेवून आणि गुरुजनांचें स्मरण करून ही हकीकत लिहिली आहे. शके सत्राशें सत्तेचाळीस, पार्थिवनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं घाटमाथ्यावर एक राज्य होतें, त्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, आणि तेथें कैलासवासी महाराजांचे पश्चात् मातुश्री सगुणाबाईसाहेब धाकटे महाराजांचे नांवें कारभार पाहात होत्या. घाटाचे तोंडीं एक किल्ला होता आणि तेथें सुभानजी वाघचवरे हे किल्लेदार होते; मनुष्य शूर, बोलणें थोडें. त्या पावसाळ्यांत दरड कोसळोन घाटाची वाट वळणावर तुटली होती, आणि मार्गशीर्षांतील एके प्रातःकाळीं धुकें इतकें दाट पडलें कीं तटावरील पहारेकऱ्यास हातांतील भाल्याचें टोंक दिसेना, आणि त्याच धुक्यांत टोपीकरांची एक पलटण घाट चढूं लागली. मग किल्लेदारांनीं घोड्यांचा आवाज ऐकिला आणि जाणिलें कीं हे लोक ऐसेच पुढें आले तर कड्यावरून दरींत जातील, आणि हाका मारिल्या त्या वाऱ्यानें नेल्या, मग बिनगोळ्याचा इशारतीचा बार काढविला, आणि पलटण जागींच थबकली, आणि किल्लेदार स्वतः निःशस्त्र खालीं उतरले कीं पाहुण्यांस दुसरे वाटेनें वर आणावें. टोपीकरांनीं बार ऐकिला होता, तुटली वाट पाहिली नव्हती. त्यांनीं किल्लेदारांस दोर लावून छावणींत नेलें, आणि छावणीचे कर्नेलसाहेबांनीं दरबारास लिहिलें कीं, तोफ कां डागली हें अमावास्येचे आंत इंग्रजींत, राज्याचे मोहोरेनिशीं लिहून द्यावें. तोंडी बोलणें रुजू धरिलें जाणार नाहीं. योग्य कारण न दिसल्यास तुमचे किल्लेदारास फांशी होईल.

दरबारांत इंग्रजी जाणणारे एकच पुरुष, वेदमूर्ति गदाधरशास्त्री. काशीस असतां त्यांनीं एका साहेबास संस्कृत पढविलें होतें आणि त्याजपासून इंग्रजी घेतलें होतें, आणि कोणतीही भाषा असो, प्रथम क्रिया शोधावी, मग तिचा कर्ता शोधावा, मग बाकीचीं पदें त्यांचे अंगास लावावीं, ऐसा त्यांचा अन्वयाचा परिपाठ होता. परंतु त्या राज्यांत एक जुनी रीत होती. राज्याचा कागद बाहेर जावयाचा तर प्रत्येक मानकऱ्याचें एक वाक्य त्यांत पडावें, दर्ज्याप्रमाणें पडावें, आणि एकाचें वाक्य दुसऱ्याचे वाक्यास टेकूं नये. टेकलें तर त्या घराण्यानें ताबेदारी पत्करिली ऐसें मानीत. ह्या रीतीनें घराण्याघराण्यांत सलोखा राहिला होता, म्हणून वडिलांनीं ती मोडिली नव्हती. त्याप्रमाणें पहिला खलिता लिहिला गेला. आरंभीं राजवाक्य, कीं आमचें राज्य टोपीकरांशीं स्नेह राखून आहे. त्याखालीं सरलष्कर जिवाजीराव दळवी यांचें, कीं सर्व तोफा आमचे हुकुमांत आहेत. त्याखालीं फडणीस अंताजीपंत यांचें, कीं पिढ्यान्‌पिढ्या परम निष्ठेनें दरबारचे सेवेंत. मग किल्ल्याची मजबुती, मग धुकें, आणि सर्वांचे पायथ्याशीं, किल्लेदार दर्ज्यानें धाकटे म्हणून, त्यांची तुटली वाट आणि त्यांचा बार. शास्त्रीबोवांनीं जसें सांगितलें तसें इंग्रजींत उतरविलें, आणि मोहोर जाहली, आणि सांडणीस्वार गेला, आणि उत्तर आलें कीं, स्नेह आहे म्हणतां आणि लागलीच तोफा मोजून दाखवितां, ही धमकी समजावी काय?

मग दरबारांत चिंता पडली, आणि शास्त्रीबोवा म्हणाले, "वाक्यें तुटक आहेत, तीं जोडावीं लागतील." सरलष्कर म्हणाले, "जोडा, परंतु कोणी कोणाचे खालीं जातां कामा नये." तेव्हां शास्त्रीबोवांनीं विचार केला कीं इंग्रजींत 'अँड' म्हणून एक शब्द आहे, तो दोहों बाजूंस सारखा मान देतो, आणि त्यांनीं राज्यास 'अँड' लाविला आणि तोफांस लाविला आणि निष्ठेस लाविला आणि किल्ल्यास आणि धुक्यास आणि वाटेस आणि बारास लाविला, आणि अवघा खलिता एकच वाक्य होऊन पानभर धांवला, आणि सर्व मानकरी संतोष पावले. कर्नेलसाहेबांनीं उत्तर दिलें कीं, तुमचे कागदांत 'अँड' फार, कारण एकही नाहीं. राज्य आहे, तोफा आहेत, धुकें आहे, मनुष्यही आहे, कशामुळें काय घडलें तें कोठें आहे? अजून एक कागद घेईन, त्याउपर घेणार नाहीं. अमावास्या अगदीं जवळ आली होती.

त्या दिवशीं किल्लेदारांचें कुटुंब हौसाबाई किल्ल्यावरून चालत आल्या आणि दरबाराचे उंबऱ्याशीं येऊन बसल्या. चोपदारानें आंत बायकांकडे जावयास सांगितलें, त्या उठल्या नाहींत. मातुश्री चिकाचे पडद्याआड विराजमान होत्या, त्यांनीं पाहिलें आणि आज्ञा केली कीं बाईस तेथेंच बसूं द्यावें आणि कामास लागावें.

शास्त्रीबोवांनीं पहिला मसुदा मांडीवर घेतला आणि एकेकाचें वाक्य तपासूं लागले. म्हणाले, "फडणीस, आपले वाक्यांत क्रिया नाहीं."

अंताजीपंत म्हणाले, "नसो. पिढ्या आहेत, निष्ठा आहे, दरबार आहे. आणखी क्रिया कशास?"

"वाक्य पालखींत बसलें आहे खरें, परंतु भोई आलेच नाहींत. तें जागचें हालावें कसें?"

"मग भोई आपण द्यावे. पालखी आमची आहे."

दरबारांत हंसें पसरलें, आणि सरलष्कर मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "पंत, तुमचे घराण्यांत क्रिया कमीच, हें आम्ही पूर्वींच जाणून होतों." पंत म्हणाले, "आणि तुमचे घराण्यांत तोफाच तोफा. त्या तोफांनींच तर सुभानजीस गोत्यांत घातलें." तेव्हां हंसें थांबलें.

शास्त्रीबोवा म्हणाले, "यजमानहो, टोपीकरांचें लिहिणें ऐसें आहे कीं कांहीं वाक्यें स्वतः उभीं राहतात आणि कांहीं टेकून उभीं राहतात. कारण सांगणारें वाक्य टेकतें, वेळ सांगणारें टेकतें, हेतु सांगणारें टेकतें. येथें साहेब एकच पुसतो, कीं तोफ कां डागली. म्हणून किल्लेदारांनीं बार काढिला, हें एक वाक्य मध्यें उभें करावें लागेल. धुकें होतें त्यास 'व्हेन' लावून, वाट तुटली त्यास 'बिकॉज' लावून, आणि तोफा हुकुमांत असतां बिनगोळ्याचाच बार काढिला, ह्यास 'आल्दो' लावून, सर्वांनीं त्या वाक्यास टेकावें."

सरलष्करांचा चेहरा बदलला. म्हणाले, "म्हणजे आम्ही सुभानजीस टेकावें? त्यास शिरपाव आम्ही दिला, त्यास गडावर आम्ही बसविलें. उद्यां आमचे पोरांनीं विचारलें कीं आबा, तुम्ही कोणाचे आधारानें उभे होतां, तर काय सांगावें?"

"एका जिवंत मनुष्याचे, ऐसें सांगावें."

"शास्त्रीबोवा, आपलें ठीक आहे. आपणांस वाक्यच नाहीं."

"म्हणून तर सर्वांचीं दिसतात."

सरलष्करांनीं मान डोलविली नाहीं. आणि इतर मानकरीही एकमेकांकडे पाहूं लागले, कोणी प्रथम टेकावें हें ठरेना. पंत म्हणाले, "आणि राजवाक्याचें काय? तें तर वर एकटेंच राहाणार. तें राहिलें कीं साहेब पुन्हां पुसेल, स्नेहाचा आणि बाराचा संबंध काय. तें टेकवावें म्हणावें, तर कोणाची जीभ उचलेल?" स्वामींचें वाक्य चाकराचे वाक्यास जोडावें, ऐसें त्या राज्यांत कोणी मनांतही आणिलें नव्हतें.

तेव्हां हौसाबाई उंबऱ्यावरून बोलल्या. "आईसाहेब, मला विंग्रजी कळत न्हाई. कोण वर बसावं, कोण खाली, त्ये थोरांनी बघावं. पर हितं समदे आपापली वाक्यं राखत्याती, आन् माझ्या धन्याला तिकडं राखाया कोन बी न्हाई." एवढें बोलून त्यांनीं पदर तोंडाशीं धरिला आणि खालीं पाहूं लागल्या.

तों चिकाआडून कांकणांचा आवाज आला, आणि मातुश्री म्हणाल्या, "शास्त्रीबोवा, आमचें वाक्य प्रथम घ्या. त्यास टेकण्यास काय लावितात?"

शास्त्रीबोवांनीं लेखणी उचलिली आणि म्हणाले, "आईसाहेब, 'सिन्स' लावितात."

"मग लावा. आमचें राज्य टोपीकरांशीं स्नेह राखून आहे, म्हणून आमचे किल्लेदारानें त्यांचे जीव राखिले. स्नेह खरा असेल तर तो सुभानजीचे त्या बारांतच आहे, निराळा आमचेजवळ कोठें ठेविला आहे? वाक्य खालीं गेलें म्हणून गादी खालीं जात नाहीं. मनुष्य गेला तर मात्र ती गादी कोणावर बसावयाची?"

मग सरलष्कर जिवाजीराव उठले, आणि मुजरा करून म्हणाले, "सरकार टेकलें, तर आम्ही ताठ उभे राहून कोणास दाखवावें? शास्त्रीबोवा, आमचेंही बांधा." पंत म्हणाले, "आमचेंही बांधा, आणि भोई द्या. मात्र जिवाजीरावांचे शेजारीं नको, ते पालखीस धक्का देतात." आणि एकामागून एक सर्व मानकऱ्यांनीं आपापलीं वाक्यें शास्त्रीबोवांचे स्वाधीन केलीं.

मग शास्त्रीबोवांनीं लेखणीची मोहीम मांडिली. ती मोहीम काय वर्णावी. प्रथम मध्यस्थानीं किल्लेदारांस कर्ता करून उभें केलें आणि त्यांचे हातीं क्रिया दिली. मग राजवाक्यास आघाडीस नेमिलें, आणि धुक्यास बगलेस ठेविलें, आणि तुटल्या वाटेस कारणाचे नाक्यावर बसविलें, आणि तोफांचें तोंड फिरवून त्यांस साक्षीदार केलें. फडणिसांचे निष्ठेस क्रिया मिळाली आणि ती पहिल्यानेंच चालूं लागली. जेथें दोन वाक्यें एकमेकांवर रेटीत होतीं तेथें स्वल्पविरामाची चौकी बसविली, आणि जेथें चौकीनें भागेना तेथें पूर्णविरामाचा दरवाजा घातला, आणि जेथें कर्ते अनेक असोन क्रिया एकाचीच होती तेथें तिला अनेकांची केली. 'अँड' होते त्यांतील बहुतेकांस मानानें निरोप दिला. सायंकाळचे आंत कागद सिद्ध जाहला, आणि मातुश्रींनीं तो मराठींत वाचवून ऐकिला, तो ऐसा: "आमचें राज्य टोपीकरांशीं स्नेह राखून आहे म्हणून, आणि दाट धुकें असतां दरडीनें तुटल्या वाटेवर त्यांची पलटण येत होती म्हणून, सर्व तोफा हुकुमांत सिद्ध असतांही, किल्लेदार सुभानजी वाघचवरे यांनीं पलटणीचा जीव वांचावा यास्तव बिनगोळ्याचा एक बार काढिला. वाट वळणावर तुटली आहे. मनुष्य पाठवून पाहावी. ज्यांचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या दरबारची निष्ठेनें सेवा करीत आलें आहे, ते फडणीस अंताजीपंत ह्यास साक्ष आहेत." मातुश्री म्हणाल्या, "आतां हें एका तोंडाचें बोलणें जाहलें," आणि मोहोर केली.

खलिता घेऊन सरलष्कर आणि शास्त्रीबोवा स्वतः छावणीस गेले. कर्नेलसाहेबांनीं उभ्याउभ्याच वाचावयास आरंभ केला, मग खुर्ची घेतली, मग पुन्हां पहिल्यापासून वाचिलें, आणि एका कप्तानास घाटाकडे दौडविलें. कप्तान परत आला तेव्हां त्याचे बुटांस लाल माती होती आणि चेहरा पांढरा होता. त्यानें साहेबांस कांहीं सांगितलें, आणि साहेब उठले, आणि स्वतः किल्लेदारांचे तंबूंत जाऊन पहारा उठविला, आणि त्यांचा हात धरून बाहेर आणिलें. मग शास्त्रीबोवांस इंग्रजींत म्हणाले, तें शास्त्रीबोवांनीं सरलष्करांस मराठींत सांगितलें, कीं, "तुमचे पहिले कागदांत तुम्ही आपसांत भांडत होतां, दुसऱ्यांत सर्व एकदम बोलत होतां. ह्यांत एकजण बोलतो आणि बाकीचे त्याचे पाठीशीं उभे आहेत. माझ्या पलटणीची मी अद्याप गणती केली नव्हती; ती पुरी भरली, हें ह्या मनुष्यामुळें." सरलष्करांनीं ऐकिलें, आणि आपला शेला काढून सुभानजींचे खांद्यावर घातला. सुभानजी म्हणाले, "सरलष्कर, हा आपला शेला. मला कशास?" जिवाजीराव म्हणाले, "राहूं दे. आम्ही तुला टेकलों आहों, थंडी तुला वाजली तर आम्ही पडूं."

राजधानीस येतांच वेशीपासून लोक दुतर्फा उभे राहिले, आणि नगारे झडले, आणि गुढ्या उभारल्या, आणि सवाष्णींनीं किल्लेदारांस ओवाळिलें. दरबारांत आणून मातुश्रींनीं खलित्याची नक्कल त्यांस वाचून दाखविली. आपलें नांव मध्यें आणि राजवाक्य त्यास लागलेलें ऐकोन सुभानजी खालीं मान घालून म्हणाले, "आईसाहेब, हें मजच्यानें कसें पेलवावें?" मातुश्री म्हणाल्या, "तुम्हीं पेलावयाचें तें त्या धुक्यांत पेलिलें. आतां घरीं जा, हौसाबाई वाट पाहात आहेत." हौसाबाई दाराशींच होत्या. त्यांनीं धन्याकडे पाहिलें, त्याचे मनगटावरील दोराचे वळ पाहिले, आणि एवढेंच म्हणाल्या, "चला, भाकरी थंड झाली."

येणेंप्रमाणें त्या राज्यानें लढाईवांचून विजय संपादिला. त्या दिवसापासून तेथें शिरस्ता पडला कीं टोपीकरांस कागद लिहितां ज्याचे जिवावर बेतलें असेल त्याचें वाक्य मध्यें उभें करावें, आणि बाकीचे थोर असोत कीं धाकटे, त्यांनीं आपापलें वाक्य त्यास लावून द्यावें. हें लिहिणें समाप्त. वाचणारास कल्याण असो.