सासूबाईंचं नाणं उजळलं

रविवारी सकाळी बायको विनार्ती आणि सासूबाई बाजारात गेल्या आणि हर्जितोला घरकामात हातभार लावायची लहर आली. (ती फारशी येत नसे, म्हणून तर घर शाबूत होतं.)

त्याची नजर गेली सासूबाईंच्या बेंगोलवर. डच आमदानीतलं तांब्याचं जाडजूड नाणं! सेमारांग शहरातल्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या अंगात वारा भरला, म्हणजे अंग जड होऊन कणकण आली, की सासूबाई त्याच्या पाठीला तेल चोळायच्या आणि लाल पट्टे उमटेपर्यंत याच नाण्यानं घासायच्या. नाणं पार काळंकुट्ट झालं होतं. हर्जितोनं चिंच-मीठ लावून ते दणादण घासलं. नाणं लख्ख!

सासूबाई परतल्या. "माझं नाणं कुठंय?"

"हे काय, ईबू. तेच." (ईबू म्हणजे आई; सासूबाईंना तो तसंच म्हणायचा.)

"हे? खरं विकलंत ना, जावईबापू?"

"अहो, तेच आहे! तांब्याला दमट हवा, हाताचा घाम, अंगाचं तेल लागतं. त्यानं वर काळा थर चढतो. मी तो मळ काढला."

"म्हणजे मी मळकट?"

"तुम्ही एकट्या नाही, ईबू. सगळी गल्लीच!"

हे नेमकं दारात उभ्या सारजोनोंनी ऐकलं. सारजोनो म्हणजे शेजारी. देह अवाढव्य, आणि त्यात आज वारा भरलेला.

"या खेळण्यानं माझा वारा निघणार?" ते गुरगुरले. "आधी जावयावर ट्राय करा."

"अहो, आईच्या अब्रूचा प्रश्न आहे," विनार्ती म्हणाली. "शर्ट काढा, पालथे व्हा."

सासूबाईंनी असं घासलं, की हर्जितोची बोंब गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"नाणं खरं आहे," सारजोनो खूश होऊन म्हणाले. "पण मुरलेलं नाही. मुरल्याशिवाय गुण नाही."

"ज्यानं उजळलं, त्यानंच मुरवायचं," सासूबाईंनी फर्मान काढलं.

झालं! नाणं हर्जितोच्या मुठीत. ऑफिसात मुठीत, बसमध्ये मुठीत, झोपेतही मुठीत. पुढच्या रविवारी त्यानं मूठ उघडली, तर नाणं पुन्हा काळपट! सासूबाईंनी कौतुकानं ते घरोघर मिरवलं.

"अख्ख्या गल्लीच्या पाठींना जे करायला जन्म गेला, ते आमच्या जावयानं आठवड्यात केलं! असा घामट माणूस शोधून सापडायचा नाही!"

हर्जितोची छाती फुगली. तेवढ्यात सारजोनो एक नवीकोरी पितळी घंटा घेऊन आले.

"जावईबापू, ही दोन दिवस काखेत धरता का? पुरातन म्हणून विकायचीय."