वेढ्यातले गणपती

गणपतीच्या डोळ्यात बुबुळ कुठे बसतं, यावर देवाचा स्वभाव ठरतो. बुबुळाची वरची कड पापणीखाली किंचित झाकली, तर देव शांत दिसतो. तीच कड पापणीला नुसती टेकली, तर देव जागा दिसतो. आणि बुबुळ चारी बाजूंनी मोकळं सुटलं, भोवती सगळीकडून पांढरं दिसायला लागलं, तर देव दचकलेला दिसतो. मागून कोणी पाठीत थाप मारावी तसा. हा सगळा फरक ब्रशच्या दोन केसांचा असतो.

नूतनला हे लग्नानंतर कळलं. माहेर रोह्याचं, शिक्षण रसायनशास्त्रातलं, आणि सासर हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे घरामागची लांब पत्र्याची शेड. तिथे सगळे सगळं करत, पण डोळे, म्हणजे आखणी, फक्त तिचे सासरे हैबतराव करत. त्यांना सगळं घर आबा म्हणे. नूतनकडे पितांबराचे काठ, नखं, दागिने आणि उंदीर ही खाती होती. उंदराचे डोळे काढायला आबांची हरकत नव्हती. त्यांच्या मते उंदराच्या डोळ्यात कोणी बघत नाही.

दर वर्षी विसर्जन झालं की नूतन विचारायची, “आबा, पुढच्या वर्षी आखणीला मी बसू का?”

आबा दर वर्षी म्हणायचे, “बघू.”

या ‘बघू’ला आता बरीच वर्षं झाली होती. तेवढ्यात एखादा पूल बांधून झाला असता. निदान उद्घाटन तरी.

यंदा ऐन श्रावणात कारखान्यातला गाणी वाजवणारा स्पीकर पांढऱ्या रंगाच्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा तो फार स्वच्छ दिसत होता, पण वाजत नव्हता. शेडमध्ये शांतता पसरली. आबांना शांततेत काम जमत नसे. हात थांबे, मग ते चहा मागत, आणि चहा झाला की सुनेच्या कामात चुका शोधत.

नूतन म्हणाली, “मी काही वाचून दाखवू का?”

लग्नाआधी तिने रोह्याचं एक लहानसं वाचनालय सांभाळलं होतं. त्या काळातला तिचा एक सिद्धांत होता, आणि तो ती नम्रपणे पण ठामपणे मांडत असे. वाचन न आवडणारा माणूस जगात नाही. त्याला चुकीचं पुस्तक मिळालेलं असतं. पुस्तकाची औषधासारखी मात्रा असते. माणूस दाखवा, मी पुस्तक सांगते.

“वाच,” आबा म्हणाले. “पण प्रेमाबिमाचं नको. चार माणसं बसल्यात. काय तरी लढाईचं वाच.”

नूतन पॅसेंजरने रोह्याला गेली आणि एका किल्ल्याच्या वेढ्यावरची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून ती शेडच्या दारात, उजेडाला पाठ करून वाचायला बसली. आबा समोर पाटावर, मांडीपुढे मूर्ती, हातात बारीक ब्रश. पलीकडे मूर्तींना अंगरंग देणारी करिश्मा. सासूबाई, सरूबाई, सोंडेच्या टोकाला गुलाबी छटा द्यायच्या आणि मध्येमध्ये ‘अरे देवा’ म्हणायच्या.

पुस्तक लागू पडलं. आबांचा हात असा चालू लागला की चहा गार होऊ लागला. किल्ल्यातलं धान्य संपत आलं तेव्हा करिश्मा घरून आणलेला डबा लपवून खाऊ लागली. बुरुज ढासळला त्या दिवशी आबा जेवायलाच उठले नाहीत.

“आधी तो बुरुज बांधून होऊ दे,” ते म्हणाले.

डोळे झालेल्या मूर्तींची ओळ भरली की धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक घालायचं, हे काम नूतनचंच. त्या संध्याकाळी ती प्लास्टिक घालायला गेली आणि थबकली. ओळीतले सगळे गणपती तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. बुबुळं सुटलेली, भुवया ताणलेल्या. प्रत्येकाचा एक हात आशीर्वादाला वर होता, पण तो ‘पुढे याल तर याद राखा’ असं सांगत होता. पायाशी बसलेला उंदीर तेवढा शांतपणे लाडू धरून होता.

करिश्माने मागून डोकावून पाहिलं. “ताई, हे वेढ्यातले झाले.”

“हळू बोल.”

“आबांना सांग की.”

सांगणं इतकं सोपं नव्हतं. आबांच्या आखणीला नाव ठेवायचं नाही, हा त्या घराचा नियम होता. त्याशिवाय, जी सून वर्षानुवर्षं ब्रश मागते आहे, तिनेच ‘तुमचे डोळे बिघडले’ म्हणायचं, म्हणजे घरातला लहानथोर प्रत्येकजण म्हणाला असता, हिला खुर्ची पाहिजे म्हणून ही खुर्चीचे पाय कापते. नूतनने प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचं ठरवलं. बिघाड पुस्तकाने झाला होता. दुरुस्तीही पुस्तकानेच व्हायला हवी होती. आम्ल जास्त झालं की त्यात आम्लारी घालतात. पाठ्यपुस्तकात या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

तिने वेढा आवरता घेतला आणि रोह्याहून एक सौम्य पुस्तक आणलं. महायुद्धात ब्रह्मदेशातून जंगलाच्या वाटेने चालत परत आलेल्या एका परिचारिकेच्या आठवणी. युद्धाचंच, पण बाईने सांगितलेलं. हळू आवाजात, कुठेही आरडाओरडा नाही.

क्रियेचं नाव इतकं शब्दशः लागू पडेल असं तिला वाटलं नव्हतं. पुढच्या ओळीतले गणपती एकजात उदास झाले. खालच्या पापणीला लाली, बुबुळ खाली झुकलेलं, आणि डोळ्यात चमक म्हणून द्यायचा पांढरा ठिपका इतका खाली उतरलेला की आता गालावर ओघळतो की काय.

“त्या बाईनं पेशंटला मागं ठेवलान, ते काय बरोबर नाय केलान,” आबा ब्रश धुता धुता म्हणाले आणि नाक शिंकरलं. “रंगाचा वास फार झालाय.”

दरम्यान, नूतनच्या नवऱ्याने, नितेशने, एक प्लास्टिक वर करून पाहिलं होतं. तो प्लास्टिक खाली सोडून थेट नूतनकडे आला.

“आबांना मोतीबिंदू झालाय.”

“मला नाही वाटत.”

“तुला कसं कळणार? तू काय डॉक्टर हायस?”

आबांना त्याने गोडीगुलाबीने पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना आबा एसटीतून उतरले ते छाती पुढे काढूनच. डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली होती, आणि ती वाचून झाल्यावर आबांनी त्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं होतं.

“डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे बघितले नाय. लिहून दिलंन.” त्यांनी कागद देवघरात ठेवला आणि सुनेकडे वळले. “काय गो नूतन, तू ते आखणीचं विचारतेस ना दर वर्षी?”

“हो, आबा.”

“आता विचारू नको.”

‘बघू’ होतं तोवर निदान काही होतं. नूतन आत गेली आणि उंदरांना लाडू रंगवत बसली. त्या दिवशीचे लाडू जरा घट्ट झाले.

शेवटचा उपाय म्हणून तिने तिसरं पुस्तक आणलं. यात लढाई नव्हती, रडणं नव्हतं. युद्धाच्या काळात एका बंदरावरच्या कचेरीत बसून शत्रूला बातम्या पुरवणारा कोणीतरी आहे, आणि तो कोण हे एक साधा कारकून शोधतो आहे, अशी कादंबरी. मेंदूला खाद्य, मनाला त्रास नाही. आबांची बुबुळं आता मधोमध राहतील असा तिचा हिशेब होता.

बुबुळं मधोमध राहिली नाहीत. ती कोपऱ्यात गेली. ओळीतला प्रत्येक गणपती शेजारच्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला. अगदी टोकाचा गणपती दाराकडे पाहत होता, कारण तिथून कोणी येण्याची शक्यता होती.

आलेही. कारकुनाच्या हाती कचेरीची किल्ली लागली होती, आता तो कपाट उघडणार, एवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि रोह्याचे व्यापारी काळुरामशेठ आत शिरले. या कारखान्याचा सगळा माल दर वर्षी तेच नेत. ते नेणार नाहीत तर इतक्या उशिरा दुसरा कोणी मिळणार नव्हता. नूतनने पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

“आबा, एक नजर टाकतो नि भरतो,” शेठ म्हणाले आणि पहिल्या ओळीवरचं प्लास्टिक ओढलं.

ते एक पाऊल मागे सरले.

“ह्यो माझ्याकडं असा का बघतोय? मी काय केलंय?”

शेठनी दुसरी ओळ उघडली. बराच वेळ पाहिलं. मग आवाज उतरवून विचारलं, “ह्यांचं कोण गेलं?”

तिसरी ओळ उघडल्यावर ते स्वतःच एकदा दारापर्यंत जाऊन बघून आले.

“आबा, लोक घरात नेऊन दीड दिवस बसवणार. पोरंबाळं आरतीला उभी राहणार. ह्या देवासमोर मोदक घशाखाली उतरेल कुणाच्या?”

“डोळे बरोबर हायत,” आबा म्हणाले. “डॉक्टरचा कागद हाय.”

“कागद गणपतीच्या पायाशी ठेवू?”

करिश्माला राहवलं नाही. “शेठ, तसं नाय. हे पहिले वेढ्यातले. ते दुसरे बाईच्या जंगलातले. आणि हे कचेरीतले, ह्यांच्यातला एक फितूर हाय, पण कोण ते अजून कळलं नाय.”

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग रंगाच्या डब्यांकडे, आणि शेडची खिडकी उघडली.

पण आबांना कळलं होतं. ते हातातला ब्रश ठेवून उठले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेका मूर्तीसमोर उभे राहिले. दुसऱ्या ओळीत एका गणपतीसमोर त्यांना पुन्हा नाक शिंकरावं लागलं.

“पुस्तकं कोणी आणली?” नितेशने विचारलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं.

“मी,” नूतन म्हणाली. “पण मुद्दाम नाही. मी उलट कमी करत होते.”

“काय कमी करत होतीस?”

हे समजावून सांगायला आम्ल आणि आम्लारीपासून सुरुवात करावी लागली असती. घरात काय बोललं जाणार हे तिला दिसतच होतं. खुर्ची, पाय, करवत, सगळं.

काळुरामशेठ मात्र खाली वाकले होते. गुडघ्यावर हात ठेवून ते बराच वेळ वाकूनच राहिले.

“उंदीर कोणी केले?”

आता सगळेच वाकले. डोळे वटारलेल्या देवाच्या पायाशी उंदीर शांत होता. रडणाऱ्या देवाच्या पायाशीही शांत होता. आजाऱ्याच्या उशाशी समजूतदार नातेवाईक बसावा तसा. कचेरीतल्या देवाच्या पायाशी बसलेल्या उंदरावर तर कोणीही विश्वास टाकून घराची किल्ली दिली असती. बुबुळाची वरची कड पापणीखाली किंचित, अगदी दोन केस, झाकलेली.

“मला असे डोळे पाहिजेत,” शेठ म्हणाले. “उंदराला नाय, देवाला. परवा टेम्पो परत आणतो. जमत असेल तर सांगा, नायतर मला दुसरा कारखाना बघू दे.”

“एकदा उघडलेले देवाचे डोळे परत मिटवत नाय आम्ही,” आबा म्हणाले. हा त्यांच्या वडिलांचा नियम होता, आणि वडिलांचा शब्द ते सहसा वादाच्या वेळीच काढत.

सरूबाई इतका वेळ सोंडेला गुलाबी लावत होत्या. ब्रश न थांबवता त्या म्हणाल्या, “प्राणप्रतिष्ठा होईस्तोवर देव नाय, मूर्ती हाय, असं तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकाला, सोंड तुटली की? मग सोंडेला एक नियम आणि डोळ्याला दुसरा कसा?”

यावर बोलण्यासारखं बरंचसं आबा स्वतःच पूर्वी बोलून बसले होते.

“आणि ह्या रडणाऱ्यातला एक मला घरात ठेवा,” सरूबाई म्हणाल्या. “माझ्या आईसारखा दिसतोय.”

आबा परत पाटाजवळ आले. बसले नाहीत. बारीक ब्रश उचलून त्यांनी तो पाण्यात बुडवला, बोटांनी टोक सरळ केलं, उजेडाकडे धरून पाहिलं. उंदराकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं, म्हणजे तिच्या हातातल्या पुस्तकाकडे. तिचं बोट अजून त्याच पानात होतं.

“उंदराच्या डोळ्यात कोण बघत नाय, असं मला वाटायचं,” ते म्हणाले.

नूतनने मान खाली घातली.

आबांनी ब्रशची दांडी तिच्यापुढे धरली आणि पाय पसरून दाराशी, उजेडाला पाठ करून, तिच्या जागेवर बसले.

“ह्या वर्षापासून आखणी तू करायची,” ते म्हणाले. “आन् ते पुस्तक दे इकडं. तो कारकून कपाटाशी कधीचा उभा हाय.”