वन्स मोअर घेणारा रेडिओ

हे सांगितलं तर कोणाचाही विश्वास बसणार नाही, म्हणूनच सांगतो: मी एकदा पाऊण तास रेडिओ होतो! रेडिओवर होतो असं नव्हे हो. रेडिओवर काय, हल्ली कोणीही जातं. मी स्वतः, जातीनं, रेडिओ होतो!

आमच्या नौपाड्यातल्या घराच्या ओटीवर रविवारी सकाळी बैठक जमते. दारूबंदी आल्यापासून सरकारनं माणसाला नशा करायला दोनच वस्तू ठेवल्यात, चहा आणि नाट्यसंगीत. परवा बैठकीला दोघंच होते. एक प्रभाकर, जो पेटी वाजवतो. निदान त्याचं तसं म्हणणं आहे. दुसरा मधु. हा पोस्टात आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या गोष्टीवर शिक्का मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

प्रभाकर नुकतंच संगीत नाटक बघून आलेला. "अण्णा, एका पदाला सात वन्स मोअर! सात!"

मधु म्हणाला, "माझ्या साडूनं रेडिओ घेतलाय. खुंटी पिळली की सिलोन हजर!"

दोन्हीकडून अशा तोफा सुटल्यावर यजमानानं काय गप्प बसायचं?

"माणूस वन्स मोअर घेतो रे," मी म्हटलं, "त्यात काय? आमच्या रेडिओनं घेतला होता."

"तुमच्याकडे रेडिओ? आणि लायसन? ते पोस्टातून काढावं लागतं. मला कसं ठाऊक नाही?"

"रिकाम्या खोक्याला लायसन लागत नाही, मधु. ऐक."

आमच्या चित्राचं लग्न जमवायचं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. स्थळ कल्याणचं. मुलगा हिरा, पण मुलाचे वडील भाऊसाहेब नाट्यसंगीताचे इतके वेडे, की पंगतीत वरण वाढणाऱ्यालासुद्धा वन्स मोअर द्यायचे! एका नाटकाच्या मध्यंतरात गाठ पडली आणि मी बोलून गेलो, "आमच्याकडे रेडिओ आहे. आवाज असा, की बुवा आपल्या खोलीत बसून गातायत असं वाटतं."

"वा! शनिवारी संध्याकाळी नाट्यपदांचा कार्यक्रम आहे," भाऊसाहेब म्हणाले. "तो ऐकायला येतो. आणि हो, मुलगीही बघून घेतो."

क्रम लक्षात घ्या! आता रेडिओ नाही म्हणावं, तर मुलीचा बाप थापाड्या ठरतो. थापाड्याची मुलगी कोण करून घेणार?

रेडिओ होता, पण नुसती पेटी. मुंबईत लिलावात स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. यंत्र पुढंमागं घेऊ म्हटलं. तोवर आमच्या बायकोनं, सुमतीनं, आत सांडगी मिरच्यांच्या बरण्या मांडल्या.

पण मी डगमगलो नाही. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. पडद्याला लागून टेबल, टेबलावर पेटी, आणि पेटीच्या मागच्या भोकातून, पडद्याआडून, आत माझं डोकं! बाहेर पाहुण्यांपाशी माझा मेव्हणा गुणाजी. त्यानं सांगायचं, की चित्राचे वडील कामासाठी पनवेलला गेलेत. रेडिओच्या तबकडीमागं उजेड दिसायला हवा, म्हणून पेटीत एक निरांजन.

"आणि वहिनी?" प्रभाकरनं विचारलं.

"ती चुलीपाशी. पोहे करत होती. त्या दिवशी पोहे जरा करपले म्हणा."

शनिवारी भाऊसाहेब आले. मुलीकडे ओझरतं बघितलं आणि रेडिओसमोर मांडी ठोकून बसले. गुणाजीनं खुंटी पिळली. रेडिओ तापायला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी नुसतंच "ऊंऊंऊं" केलं. मग बाईच्या आवाजात म्हटलं, "श्रोतेहो, आता ऐका नाट्यपदं."

"तुम्ही? बाईच्या आवाजात?" मधु म्हणाला.

"अरे, तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत मी नायिका असायचो!"

"मिशीसकट?"

"मिशी पदराआड!"

मी हे सांगत असतानाच आत स्वयंपाकघरात कोणीतरी कपबशी जरा जोरानंच आपटली. मी लक्ष दिलं नाही.

पद सुरू केलं. भाऊसाहेब डोलायला लागले. मग त्यांना खोड्या सुचायला लागल्या. खुंटी डावीकडे पिळली, मी आवाज बारीक केला. उजवीकडे पिळली, मी असा सूर लावला की वर्तकनगरपर्यंत जावा! दुसरी खुंटी फिरवली तर मी खरखर करून हिंदी बातम्या दिल्या. पुढं फिरवली, क्रिकेटचा एक खेळाडू बाद केला. परत मूळ जागी आणली, तर पद जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं!

"शाबास! आपल्यासाठी थांबला होता की काय!" भाऊसाहेब म्हणाले.

गुणाजीला घाम फुटला. मला पेटीत आधीच फुटला होता.

पद संपलं. शेवटची तान अशी गेली, की भाऊसाहेबांचं देहभान हरपलं. नाटकाला जाणाऱ्या माणसाची जन्माची सवय! दोन्ही हात वर करून ते ओरडले, "वन्स मोअर!"

आणि मीही रंगभूमीवर वाढलेला माणूस. टाळी आणि वन्स मोअर ऐकल्यावर थांबणं रक्तातच नाही. मी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं!

दोन ओळी झाल्या आणि काय झालं ते ध्यानात आलं. आता थांबावं तर पंचाईत, गावं तर पंचाईत. चित्राचा चेहरा पांढराफटक.

"का हो," भाऊसाहेब हळूच म्हणाले, "यानं माझं ऐकलं?"

"कंपनी चांगली आहे," गुणाजी म्हणाला.

"मग बुवा, आता एक भैरवी होऊन जाऊ द्या!"

मी भैरवी सुरू केली. तेवढ्यात निरांजनाच्या धगीनं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा पेटला आणि आतल्या मिरच्या भाजायला लागल्या. मिरचीचा धूर नाकात! रेडिओच्या जाळीतून धूर बाहेर!

"अहो, हा पेटला की काय?"

"स्टेशन लांबचं आहे," गुणाजी म्हणाला. "खेचताना दम लागतो त्याला."

आणि रेडिओ शिंकला. एकदा नव्हे, ओळीनं पाच वेळा. पाचव्या शिंकेला जाळीचं कापड फाटलं, आणि भैरवीचा शेवटचा षड्ज शिंकेतच विरला.

चित्राचं लग्न त्या एका धाग्यावर लोंबत होतं. आणि भाऊसाहेबांनी काय करावं? मोठ्यानं हसले, माझ्या मांडीवर अशी सणसणीत थाप मारली की दोन दिवस मी लंगडत होतो, आणि म्हणाले, "मुलगी पसंत! ज्या घरात रेडिओसुद्धा मोठ्यांचा शब्द मोडत नाही, त्या घरची मुलगी डोळे झाकून करावी!"

मी विजयी मुद्रेनं चहाचा घोट घेतला. प्रभाकर टाळी देणार, तेवढ्यात मधुनं हात वर केला.

"अण्णा, थाप कोणाच्या मांडीवर पडली?"

"माझ्या. डाव्या."

"आणि तुमचं डोकं कुठं होतं?"

"सांगितलं ना, रेडिओत!" बोलून गेलो, आणि चहा घशात अडकला.

"डोकं पेटीत, मांडी पाहुण्यांच्या शेजारी. बरेच लांबलचक होता की तेव्हा!"

"आणि मी म्हणतो," प्रभाकर म्हणाला, "वहिनींच्या हातचे पोहे कधी करपलेत? त्या चुलीपाशी असत्या तर करपले असते का?"

मधुनं माझ्या गोष्टीवर शिक्का मारला. "साफ खोटं, अण्णा! तुम्ही पाहुण्यांपाशी बसून मान डोलवत होता. रेडिओ वहिनी होत्या!"

मी तोंड उघडलं. त्याच वेळी पडद्याआडून आवाज आला. तोच गोड, तोच ठाशीव, कल्याणच्या माणसाला वेड लावणारा:

"श्रोतेहो, काही अपरिहार्य कारणामुळे अण्णांचं यापुढचं भाषण रद्द करण्यात आलं आहे!"