दोनदा पुसलेला आवाज

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं दोनदोनदा तपासून डबलतात्यांना ती खोडच जडली होती. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, नळ बंद केला की दोनदा हात लावून बघायचा. निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी त्यात माहिती साठवायला एक सोडून दोन एसएसडी डिस्क बसवून घेतल्या. एकीवर जे उतरेल ते त्याच क्षणी दुसरीवर.

"काका, यांच्यात फिरणारं काही नसतं, सहसा पटकन जात नाहीत," दुरुस्तीवाली तेव्हाच म्हणाली होती. "घरकामाला एक पुरे. दुसरी हवीच तर कपाटात ठेवा. अधूनमधून जोडून प्रत काढून घ्या."

"कपाटातली छत्री पावसात काय कामाची?" असं म्हणून तात्यांनी तिला गप्प केलं होतं.

आज चार वाजता मेहुणी येणार होती. सासूबाई गेल्यावर दोघी बहिणी पहिल्यांदाच भेटत होत्या, आणि आईचा रेकॉर्ड केलेला अकरा मिनिटांचा आवाज शेजारी शेजारी बसून ऐकायचा, असं त्यांचं ठरलं होतं. तो पटकन सापडावा म्हणून तात्या जेवण झाल्याझाल्या आवराआवरीला बसले. पडद्यावर 'आई' नावाचं फोल्डर होतं. शेजारी 'आई – प्रत'.

"अगं, ही प्रत कोणी काढली?"

"मीच," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "असू दे म्हटलं."

"दोन डिस्क असताना वर प्रत? म्हणजे चार आया झाल्या!"

तात्यांनी प्रत पुसली, कचरापेटी रिकामी केली. पाणी पिऊन आले आणि सवयीने खात्री करायला वाकले. फोल्डर जागच्या जागी! "गेलंच नाही की," असं पुटपुटत त्यांनी ते पुन्हा पुसलं, पेटी पुन्हा रिकामी केली. आता 'आई' कुठेच दिसेना, तेव्हा त्यांना समाधान वाटलं. ते अर्धा मिनिट टिकलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. एक डिस्क काढून दुसरीवर कॉम्प्युटर सुरू केला, मग तिला काढून पहिली लावली. आई दोन्हीकडून सारखीच गेलेली.

"काका, तो आरसा आहे," फोनवर दुरुस्तीवाली हळूच म्हणाली. "इकडे मिशी उतरवली, की तिकडची राहते थोडीच?"

"परत मिळेल ना?"

"एसएसडी पुसलेली जागा स्वतःच झाडून घेते हो. आशा कमीच. बंद करून ठेवा, उद्या बघते."

साडेतीन झाले होते. तात्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं, आणि घाबरून परत एकदा सांगितलं.

बायकोने हात पुसले. ती आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. बटणांखाली काच तडकलेला जुना फोन होता.

"हा तर तू देऊन टाकलास ना? मी विचारलं होतं!"

"दोनदा विचारलंत. मीही दोनदा हो म्हटलं." तिने फोन बाहेर काढला. "यावरच तर भरला होता आईचा आवाज. शिवताना लावते कधीकधी."

चार वाजता दोघी बहिणी खिडकीशी बसल्या. फोन मधे. काजं कशी करायची ते आई सांगत होती, मधेच खोकत होती. मेहुणीने बहिणीचा हात धरला. तेवढ्यात फोनमध्ये दार वाजलं, आणि आई हसली. "जावईबापू परत कुलूप बघायला गेले वाटतं! जाऊ देत गं, हसू नका. त्यांच्या जिवावर निवांत झोपतेस तू."

मेहुणी डोळे पुसता पुसता हसायला लागली. "ऐकलंत का, भावजी?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"याची एक प्रत काढून कपाटात ठेवू का गं?" त्यांनी विचारलं.

"ठेवा की," बायको म्हणाली. "फक्त खात्री मी करीन."