भाऊजींचं जपान

आमचे नामदेव भाऊजी जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी जपानात काय चाललंय ते बघतात. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात आणि मला सांगतात, "वहिनी, भागीआत्या अजून उठली नाही वाटतं. दार लावलेलंच आहे." मग ताटाकडे वळून म्हणतात, "आमटी झकास झालीय." आमटीला अजून बोटही लागलेलं नसतं.

हे जपान म्हणजे एक कार्टून आहे. भाऊजी त्याला कार्टून म्हणू देत नाहीत. "कार्टूनमध्ये मांजर उंदराच्या मागे पळतं," म्हणतात. "इथे कोण पळतंय?"

भाऊजी माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं की "राहून गेलं" म्हणतात, जसं बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जाते. तरुणपणी ते कसब्यात एका छापखान्यात मशीनवर होते. पुढे सगळीकडे कॉम्प्युटर आले आणि तो छापखाना बंद पडला. ज्या कॉम्प्युटरने नोकरी घालवली त्याच कॉम्प्युटरच्या एका कंपनीत, खराडीला, ते आता गेटवर उभे असतात. उंची एवढी की कंपनीने दिलेली पँट घोट्याच्या वरच संपते. येरवड्याच्या आमच्या दोन खोल्यांत शिरताना ते दाराला नमस्कार केल्यासारखे वाकतात.

त्या कंपनीत एक मॅडम आहेत. कामासाठी जपानी शिकलेल्या. दुपारी गेटजवळच्या झाडाखाली डबा खायच्या आणि मोबाइलवर हे बघायच्या. एक दिवस भाऊजींनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. डोंगर, उतारावर पायरीपायरीने भाताची खाचरं, धुकं, आणि बांधावरून जाणारी एक म्हातारी. भाऊजी म्हणाले, "मॅडम, हे आमच्या वेल्ह्याकडचं कुठलं गाव?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण बाई चांगली. तिने ते सगळेच्या सगळे भाग भाऊजींच्या मोबाइलमध्ये भरून दिले.

मी भाकरी थापता थापता यातलं बरंच पाहिलं आहे. त्यात काही घडत नाही. एका डोंगरातल्या गावात एक मुलगी शहरातून आजोबांकडे राहायला येते. अर्ध्या घरांना कुलपं. एक म्हातारी दुकान चालवते, तिथे गिऱ्हाईक नसतं. एका डब्याची आगगाडी येते, त्यातून कुणी उतरत नाही. एका पूर्ण भागात ती मुलगी छत्री शोधते. छत्री सापडत नाही. भाग संपतो.

आमचा अमोल सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो एकदा म्हणाला, "काका, पण यात स्टोरी काय आहे?"

"माणसं आहेत ना अजून गावात," भाऊजी म्हणाले. "मग झालं तर."

खाली इंग्रजीत अक्षरं येतात. भाऊजींना ती मुंग्यांसारखी वाटतात. त्यांनी मोबाइलच्या खालच्या कडेला वायरमन लावतात ती काळी चिकटपट्टी लावून टाकली. त्यात फोन उचलायचं बटणही गेलं. तेव्हापासून त्यांना फोन आला की ते आधी नखाने पट्टी उचकटतात, आणि तोवर समोरचा कंटाळून ठेवून देतो.

जपानी येत नाही आणि इंग्रजी झाकलेलं, तरी भाऊजींना सगळं समजतं. म्हातारी काही बोलली की ते सांगतात, "म्हणते, तांदूळ निवडून ठेवलेत, पोराला न्यायला सांगा." अमोलने एकदा पट्टी उचलून वाचलं आणि म्हणाला, "काका, ती म्हणतेय की हवा छान आहे."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय," भाऊजी म्हणाले. "तिचं तोंड बघ."

शेतीवरून मात्र जपान्यांशी त्यांचं भांडण आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. जपान्यांनी राब भाजला नाही. भाऊजी दोन दिवस अस्वस्थ होते. "असंच पेरलं हो त्यांनी. येणार काय, कपाळ?" पुढच्या भागात भात कमरेइतका वाढला. भाऊजी मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "खत टाकलंय. दाखवत नाहीत."

त्या लोकांची नावं भाऊजींनीच ठेवली आहेत. दुकानवाली भागीआत्या, स्टेशनावर झाडू मारणारा धोंडूनाना, मुलीचे आजोबा म्हणजे गणूदादा. मला वाटायचं, सुचली ती ठेवली. एकदा मी सहज आमच्या ह्यांना म्हटलं, "भाऊजी नावं मात्र छान ठेवतात." हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ठेवतो कुठला? आमच्या गावच्या वरच्या आळीची माणसं आहेत ती. भागीआत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घर पडायला आलंय."

त्यानंतर मी ताटातली आमटी गार झाली तरी भाऊजींना "आधी जेवून घ्या" म्हणणं सोडलं.

आमचं गाव करंजवाडी, पानशेतच्याही पुढे, डोंगरात. एसटी पायथ्याशी सोडते, वर चालत जायचं. चैत्रात तिथे भैरोबाची जत्रा असते. देव पालखीतून प्रत्येक दारी जातो, मग दाराला कुलूप असो की नसो. भाऊजींनी एकही जत्रा चुकवलेली नाही. पालखीला चार खांदे लागतात आणि गेली काही वर्षं तिथे मोजून चारच उरले होते. रामातात्या, सीताराम, बबन आणि पुण्याहून जाणारे आमचे भाऊजी.

या वर्षी जत्रेच्या आधी रामातात्यांचा फोन आला. भाऊजी पट्टी उचकटेपर्यंत तो तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा लागला. तात्यांचा आवाज इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"नामदेवा, बबन पोराकडं पनवेलला गेला. आता यायचा न्हाई. आपुन तिघंच हाय. औंदा देव देवळातच पुजू."

"आणि पालखी?"

"ऱ्हाऊ दे की. पुढच्या वर्साला बघू."

भाऊजींनी फोन ठेवला आणि पट्टी परत चिकटवायचीही विसरले. मला म्हणाले, "वहिनी, एकदा नाही उठली ना, की मग उठत नाही. खिंडीपलीकडच्या वाडीत अशीच एक साल राहिली. आता आढ्याला टांगलीय. कोंबड्या बसतात तीत."

मग त्यांनी चौथा खांदा शोधायला सुरुवात केली. आधी अमोल. तो म्हणाला, "काका, त्या शनिवारी आमचा रिलीज आहे, येता येणारच नाही." येरवड्यात जन्म काढलेल्या माणसाला रिलीज म्हटल्यावर एकच गोष्ट समजते. भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "कुणाला सोडतायत?"

आमच्या ह्यांच्या खांद्यात अपघातानंतर स्टीलची पट्टी आहे. ते म्हणाले, "मी येतो, पण मग देवाबरोबर मलाही उचलावं लागेल." गेटवरचा एक सोबती तयार झाला, पण रामातात्यांनी फोनवरच नाही म्हटलं. खांदा गावच्याच उंबऱ्याचा लागतो, बाहेरचा चालत नाही. असा नियमच आहे.

भाऊजी गप्प झाले. जपान लावायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. आमटीला चांगली म्हणायचे नाहीत. मला तेव्हा कळलं की घरात एवढं बोलणारं दुसरं कुणी नाही.

एका रविवारी दुपारी ते जेवत होते. त्या जपानी गावातही जत्रा आली होती. त्यांच्या देवाचा छोटा लाकडी डोलारा देवळातून बाहेर काढला होता, आणि उचलायला माणसं नव्हती. तर ती दुकानवाली म्हातारी, शाळेची बाई आणि आणखी दोघी पुढे झाल्या, कंबरेला पट्टे बांधले आणि त्यांनी तो उचलला. भाऊजींनी तो भाग संपवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. ताटातला भात तसाच वाळत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "लग्नात तुम्ही माप कुठं ओलांडलंत?"

"करंजवाडीलाच की. का हो?"

"म्हणजे उंबरा गावचाच."

ते काय म्हणताहेत ते कळलं आणि माझ्या हातातली पळी खाली आली. "अहो, काहीतरीच काय! मला हळदीकुंकवात चारचौघींपुढे नाव घेता येत नाही."

"नाव घ्यायचं नाहीये. नुसतं चालायचंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं, की हे तरी काही बोलतील. हे म्हणाले, "जा. निदान तो जेवेल तरी."

आदल्या रात्रीच भाऊजी आणि मी गावी गेलो. सकाळी देवळापुढे रामातात्या आणि सीताराम नवीन टोपी घालून उभे होते. भाऊजींनी सांगितलं तेव्हा सीतारामांनी आधी माझ्याकडे, मग आभाळाकडे बघितलं.

"बाईमानूस? पालखीला?"

"जपानात चालतं," भाऊजी म्हणाले.

"जपानचा द्येव येगळा."

"देव वेगळा असेल. वजन तेच आहे."

रामातात्यांनी खाली नजर टाकली. आळी रिकामी होती. ते म्हणाले, "सून हाय ती गावची. परकी न्हाई. पर पोरी, पाय घसरला तर द्येव पडंल, ध्यानात ठेव." मग त्यांनीच स्वतःची घोंगडी दुमडून माझ्या खांद्यावर ठेवली.

दोघे म्हातारे सारख्या उंचीचे, म्हणून ते मागे. पुढच्या दांड्याला मी आणि माझ्यामागे भाऊजी. "उचला," तात्या म्हणाले आणि पालखी उठली.  मी डोळे जमिनीवर ठेवून चालू लागले. पहिलं दार झालं, दुसरं झालं, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या खांद्यावर काहीच नाही. मी ठेंगणी. दांडा माझ्या घोंगडीच्या वरून चार बोटं मोकळा जात होता. पुढची बाजू भाऊजी एकटे तोलत होते आणि मी पालखीखालून नुसती चालत होते. मला इतकी लाज वाटली की बोलावंसंही वाटेना. पालखीला नावापुरती मी, आणि भार दुसऱ्यावर.

तेवढ्यात दांडा हलकेच खाली आला आणि घोंगडीवर टेकला. चांगला टेकला. खांदा खाली दबला.

"लागतोय का?" मागून भाऊजींनी हळूच विचारलं.

"लागतोय."

"मग बरोबर."

मला वाटलं, उतार आला असेल. पण वाट सपाट होती. वरच्या आळीला वळलो तेव्हा सकाळचं ऊन पाठीमागून आलं आणि आमच्या सावल्या समोर पडल्या. माझी सरळ चालत होती. भाऊजींची सावली गुडघ्यात वाकून, खुर्चीवर बसायला निघालेल्या माणसासारखी चालली होती. ते तसेच सगळी आळी चालले. कुलूपवाल्या दारांपुढेही उभे राहताना त्यांनी गुडघे सरळ केले नाहीत. प्रत्येक वळणावर विचारायचे, "लागतोय का?" आणि मी म्हणायचे, "लागतोय."

पालखी देवळात ठेवली तेव्हा भाऊजींना खांबाला धरून उभं राहावं लागलं. सीताराम म्हणाले, "आरं नामदेवा, असा बसत बसत का चालत हुतास? गुडघं गेलं व्हय तुझं?"

"वय झालं," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही घोंगडीची घडी घालायला घेतली.

रात्रीच्या आत पुण्याला आलो. घरी आल्यावर आरशात बघितलं, तर उजव्या खांद्यावर लाल वळ उठला होता. हे म्हणाले, "तेल लाव, दुखेल." मी तेलाची बाटली काढली. भाऊजींना गुडघ्याला लावायला दिली. स्वतःला लावलं नाही.